जंतू तीन, जातीही तीन. तरी साथ एकच असू शकते का?

लूपवाला, कोथरूड
आयसीयूत तीन आठवड्यांत एका रुग्णाच्या रक्तात क्लेबसिएला, दुसऱ्याच्या लघवीत ई. कोलाय आणि बेड ४ जवळच्या सिंकच्या जाळीवर एंटरोबॅक्टर सापडला. तिघेही मेरोपेनेम या तगड्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. जंतू वेगळे म्हणजे साथ नाही, असं कमिटीचं मत. सुरुवात कुठून करू?

अगारप्लेट
जातीवर जाऊ नका. प्रतिकाराचं जनुक प्लाझमिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असेल तर ते एका जातीतून दुसरीत सहज जातं. २००८ साली स्वीडनमध्ये एनडीएम-१ हे असं जनुक पहिल्यांदा सापडलं, तेव्हा त्या एकाच रुग्णाच्या क्लेबसिएलातही ते होतं आणि ई. कोलायतही.

आधी एमसीआयएम लावा, म्हणजे जंतू मेरोपेनेम फोडतो का हे पाहणारी चाचणी. २ मिली टीएसबीत (पोषक द्रवात) १ मायक्रोलिटर लूपभर जंतूंची वाढ, त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क, ३५ अंशांवर ४ तास. डिस्क काढताना नळीच्या कडेला दाबून जादा द्रव निथळू द्या, नाहीतर प्लेटवर ओघळ येतो. मग ती डिस्क ई. कोलाय २५९२२ या मेरोपेनेमला दाद देणाऱ्या जंतूच्या लॉनवर (प्लेटभर पसरलेल्या थरावर) रात्रभर. डिस्कभोवतीचा वाढ नसलेला घेर ६ ते १५ मिमी आला तर कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोपेनेम फोडणारं एन्झाइम आहे. सोबतच्या नळीत ०.५ मोलर ईडीटीए २० मायक्रोलिटर घाला. घेर ५ मिमी किंवा जास्त वाढला तर मेटॅलो, म्हणजे ईडीटीएने बंद पडणारं एन्झाइम, आपल्याकडे बहुधा एनडीएमच.

लूपवाला
क्लेबसिएलात ईडीटीएने घेर वाढलाच नाही. मग एनडीएम नाही म्हणायचं?

जीनपूल
नाही. सोबत ऑक्सा-४८ गटाचं जनुक असेल तर त्याचं एन्झाइम ईडीटीएला न जुमानता मेरोपेनेम फोडतच राहतं आणि घेर वाढत नाही. आपल्याकडे ही जोडी नेहमीची. दोन्ही जनुकांचं पीसीआर (जनुक थेट शोधणारी चाचणी) करा.

तिघांत एनडीएम निघालं तरी प्लाझमिड एकच, असं लगेच लिहू नका. त्या स्वीडनच्या रुग्णातही क्लेबसिएलाचं प्लाझमिड १८० किलोबेसचं, ई. कोलायचं १४० चं. लाँग-रीड सिक्वेन्सिंगच (डीएनएचे लांब पट्टे सलग वाचणारं) करून घ्या. शॉर्ट-रीडमध्ये आयएस२६ सारख्या वारंवार येणाऱ्या डीएनए-क्रमांपाशी प्लाझमिडचे तुकडे पडतात, आणि तुम्हाला हवी ती जोडणी नेमकी तिथेच असते.

नळदुरुस्ती
रिपोर्टची वाट पाहत सिंक चालू ठेवू नका. जाळीला ब्लीच लावून भागत नाही. ट्रॅपमधला (सिंकखालच्या वाकड्या पाइपातला) बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, पुन्हा वर चढतो, पोषण मिळालं तर दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटर. हे पोषण आपणच देतो: उरलेलं डेक्स्ट्रोज, ट्यूबफीड. ते तिथे ओतणं आजच बंद. नळाची धार थेट जाळीवर पडत असेल तर तोटी बदला, शिंतोडे मीटरभर उडतात. तेवढ्या अंतरात ड्रेसिंग ट्रॉली नको. बाकीच्या रुग्णांचे रेक्टल स्वॉबही (गुदद्वारातले नमुने) याच आठवड्यात घ्या.