घर विकून बोटीवर राहायचं ठरलं, मग राज्य कोणतं? फ्लोरिडाची टपालपेटी पुरते का?

गलबत (धागालेखक)
न्यूजर्सीतलं घर विकलं, शिडाची बोट घेतली. हिवाळा बहामात, उन्हाळा चेसापीक उपसागरात, लॅपटॉपवर नोकरी चालूच. बोट कुठल्याच राज्यात फार काळ टिकणार नाही, पण लायसन्स, मतदान, आरोग्यविमा, बँक आणि कर या सगळ्यांना तुमचं एक राज्य हवं असतं. माझं मत सरळ आहे: फ्लोरिडा घ्या आणि मोकळे व्हा. तिथे राज्याचा वैयक्तिक आयकर नाही. बोटीवरचा विक्रीकर ६ टक्के असला तरी एका बोटीमागे १८,००० डॉलरच्या वर जात नाही.

क्रम असा. आधी टपाल. ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जसारख्या गावात बोटवाल्यांचं टपाल सांभाळून पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. त्यासाठी पोस्टाचा फॉर्म १५८३ भरायचा, दोन ओळखपत्रं द्यायची आणि सही नोटरीसमोर करायची. मग काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्लर्ककडे डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल, म्हणजे कायमच्या वास्तव्याचं शपथपत्र, नोंदवायचं (फ्लोरिडा कायद्याचं कलम २२२.१७). पहिल्या पानाला १० डॉलर, पुढच्या प्रत्येक पानाला साडेआठ. ३० दिवसांत फ्लोरिडाचं लायसन्स घ्यायचं, जुनं तिथेच जमा. गाडी असेल तर तिची नोंदणी १० दिवसांत. नागरिक असाल तर मतदार नोंदणी. बोटीची नोंदणी. शेवटी पेरोलला कळवून न्यूजर्सीची कपात थांबवायची. झालं.

हिशेबनीस
"झालं" म्हणताय, तिथेच तर घोडं पेंड खातं. न्यूजर्सीत अधिवास (कायद्यानं मानलेलं कायमचं घर) असलेल्याला अनिवासी म्हणून रिटर्न भरायचं असेल तर तीन अटी एकदमच पुऱ्या कराव्या लागतात: न्यूजर्सीत कायमचं घर नको, न्यूजर्सीबाहेर कायमचं घर हवं, आणि वर्षात न्यूजर्सीत ३० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नको. पहिली आणि तिसरी सोपी. दुसरीचं काय? आज व्हर्जिनियातलं नॉरफोक, उद्या बहामातलं नासाऊ करणारी बोट हे कायमचं घर म्हणून दाखवून बघा. टपालपेटी तर घर नाहीच नाही. म्हणजे घर विकून, बोट घेऊन, वर्षभर न्यूजर्सीतल्या एडिसनचं तोंडही न पाहता तुम्ही न्यूजर्सीचे निवासीच राहता आणि जगभराच्या उत्पन्नावर कर भरता.

वकिली_नजर
हिशेबनीस, अटी बरोबर, पण चुकीच्या माणसाला लावताय. त्या तीन अटी ज्याचा अधिवास न्यूजर्सीतच राहिला आहे त्याच्यासाठी. ज्याचा अधिवासच बदलला, त्याला त्यांचा प्रश्न येत नाही. तेव्हा मुद्दा एवढाच, की अधिवास खरोखर बदलला का.

इथे आपल्याकडचा तहसीलदाराचा डोमिसाइल दाखला डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेत १५ वर्षांची अट नाही आणि दाखला मिळाला म्हणजे अधिवास ठरला असंही नाही. जुनी जागा सोडणं, नव्या राज्यात देहानं पोचणं आणि तेच आपलं कायमचं ठिकाण हा इरादा, या तिन्ही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. जुळल्या की नवा अधिवास त्या दिवसापासून. नंतर तुम्ही सहा महिने समुद्रात असलात तरी तो जात नाही. पण उलटंही तितकंच खरं: नवा जमेपर्यंत जुना चिकटून राहतो. अधिवासाशिवाय माणूस कायद्याला चालत नाही.

हिशेबनीस
मान्य, चुकलो. तरी बदल सिद्ध करायची जबाबदारी बदल सांगणाऱ्यावर असते. करखात्याच्या तपासणीत समोरचा विचारणार: फ्लोरिडात राहिलात किती? उत्तर असतं, "बहामाला जाता-येता पाच आठवडे, नांगरावर." एडिसनमध्ये मात्र डॉक्टर, दंतवैद्य, भाड्यानं घेतलेल्या गाळ्यातलं सामान, मुलीचं कॉलेज आणि दिवाळीचे दहा दिवस. कागद दक्षिणेला आणि आयुष्य उत्तरेला असेल तर हे नुसते कागदी घोडे ठरतात.

खारेवारे
डिक्लरेशनवर दोघांपैकी कुणीच बोललं नाही, आणि खरा सापळा तिथे आहे.

एक, त्या कागदावर तुम्ही शपथेवर लिहून देता की अमुक काउंटीत मी राहतो, तिथे माझी राहण्याची जागा आहे आणि तीच माझं कायमचं घर म्हणून ठेवायचा इरादा आहे. टपालसेवेच्या पेटीचा क्रमांक टाकून ही शपथ घेणं म्हणजे उघड खोटं. ज्या कागदानं तुमची बाजू भक्कम व्हायची, तोच उलटतो.

दोन, फ्लोरिडाच्या जलवाहतूक कायद्यात (कलम ३२७.०२) लिव्ह-अबोर्ड बोटीची व्याख्या आहे. फक्त राहण्यासाठी असलेली, न हिंडणारी बोट त्यात येतेच. पण जिच्या नावानं डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल नोंदवलं आहे ती बोटही येते, मग ती रोज पन्नास मैल का चालेना. आणि मूरिंग फील्डच्या (बोटी बांधायला आखून दिलेलं पाणी) बाहेर नांगर टाकण्यावर गावाला किंवा काउंटीला एरवी जे निर्बंध घालता येत नाहीत, ते लिव्ह-अबोर्ड बोटीवर घालता येतात. दहा डॉलरचा कागद नोंदवून स्वतःचाच नांगर टाकायचा हक्क गहाण टाकायचा, असा हा प्रकार.

गलबत
खारेवारे, दुसरा मुद्दा मान्य. म्हणून बोटीचं नाव किंवा नोंदणी क्रमांक त्या कागदावर येऊच द्यायचा नाही. पहिल्यावर उपाय आहे: मरीनात (बोटींच्या धक्क्यावर) वर्षाचा स्लिपचा, म्हणजे बोट लावायच्या ठरलेल्या जागेचा, करार करा. कराराच्या कागदावर जमिनीवरचा पत्ता असतो आणि स्लिप क्रमांक असतो. लायसन्ससाठी रिअल आयडीला (केंद्राच्या नियमांप्रमाणे दिलेलं ओळखपत्र) राहण्याच्या पत्त्याचे दोन पुरावे लागतात. करार हा एक, त्याच पत्त्यावर आलेली विम्याची किंवा बँकेची कागदपत्रं हा दुसरा.

खारेवारे
म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. स्लिप हीच राहण्याची जागा म्हटली, की स्लिपमध्ये काय आहे? बोट. मग कागदावर तिचं नाव असो वा नसो, तीच तुमचं घर, हे तुम्हीच सांगितलं. शिवाय बऱ्याच मरीना बोटीवर राहणाऱ्यांची संख्या ठरवून ठेवतात आणि त्यासाठी दरमहा वेगळा आकार लावतात. साधा स्लिप घेऊन "आम्ही राहत नाही" असं मरीनाला सांगायचं आणि राज्याला "आम्ही इथेच राहतो" असं सांगायचं, हे दोन दगडांवर पाय.

माझ्या मते जमिनीवर काहीतरी खरं हवं. नातेवाइकाच्या घरातली लेखी भाडेकराराची खोली चालेल, पण खोलीत तुमची कपाटं आणि कागदपत्रं असली पाहिजेत. नाहीतर डिक्लरेशन करूच नका. ते सक्तीचं नाही. लायसन्स, मतदान, विमा, बँक, मृत्युपत्र आणि जुन्या राज्याशी तुटलेले धागे यांच्यावरही अधिवास उभा राहतो.

गलबत
डिक्लरेशन सक्तीचं नाही, हे मी वर लिहायला हवं होतं. पण खोली भाड्यानं घ्या म्हणजे बोटीचा अर्धा फायदा गेला. स्लिपवर मी अजून ठाम आहे.

डकोटावाला
एवढा गोंधळ कशाला? साउथ डकोटात जा, हॉटेलात किंवा कॅम्पग्राउंडवर एक रात्र काढा, पावती आणि प्रतिज्ञापत्र दाखवा, लायसन्स घ्या. पाच वर्षं चालतं. आयकर तिथेही नाही.

वकिली_नजर
ती सोय मोटरहोमवाल्यांसाठी ठीक आहे, आणि तिथेही २०२३ पासून मतदानाला ३० दिवसांच्या वास्तव्याची अट आली. बोटवाल्याला तिचा उपयोग अर्धाच. बोटीची क्रमांक-नोंदणी मालक कुठला यावर ठरत नाही. ती ज्या राज्याच्या पाण्यात वर्षातला सर्वाधिक काळ वापरली जाते तिथे व्हायला हवी. दुसऱ्या राज्यांनी तुमचा क्रमांक किमान ६० दिवस मान्य करायचा असतो, फ्लोरिडात ही मुदत सलग ९० दिवस आहे. अटलांटिक किनाऱ्यावरची बोट साउथ डकोटात तरंगणार कधी? आणि व्हर्जिनियात १ जानेवारीला बोट कायम ठेवलेली सापडली, तर तिथली काउंटी मालमत्ताकर लावते. तुमच्या लायसन्सवर कुठलं राज्य आहे हे ती विचारत नाही.

आरोग्यविमाही तसाच. मार्केटप्लेसचा (सरकारी विमाबाजारातून घेतलेला) विमा काउंटीप्रमाणे मिळतो. एचएमओ (ठरावीक डॉक्टर-इस्पितळांच्या जाळ्यापुरता विमा) असेल तर जाळ्याबाहेर फक्त तातडीचे उपचार. पत्ता साउथ डकोटाचा आणि दुखणं जॅक्सनव्हिलमध्ये, अशी गत. राज्य बदललं की नवा विमा घ्यायला ६० दिवसांची खास खिडकी उघडते, ती चुकवू नका.

परदेशस्थ
इथल्या निम्म्या सल्ल्याला एक अट जोडा: "अमेरिकन नागरिक असाल तर." आपल्यातले बरेच जण नाहीत.

एच-१बी वर असाल तर हा बेत जवळपास बादच समजा. अर्जात कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. त्या महानगर क्षेत्राबाहेर काम गेलं की आधी सुधारित अर्ज करावा लागतो, २०१५ च्या सिमिओ या इमिग्रेशन प्रकरणातल्या निकालापासून हे पक्कं आहे. अल्प मुदतीची सवलत ३० दिवसांची, काही अटींवर ६०. दर आठवड्याला नवं बंदर म्हणजे दर आठवड्याला नवं कामाचं ठिकाण. कंपनीचा वकील कपाळाला हात लावेल.

ग्रीनकार्डवर असाल तर पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ (पत्ताबदलाचा फॉर्म) भरायचा. त्यात राहण्याचा पत्ता आणि टपालाचा पत्ता हे वेगवेगळे रकाने आहेत, दोन्हींत टपालसेवा लिहू नका. नागरिकत्वाच्या अर्जासाठी पाच वर्षांत ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावं लागतं आणि अर्जाआधी तीन महिने त्याच राज्यात किंवा जिल्ह्यात वास्तव्य. बहामातले दिवस बाहेरचे धरले जातात. एका खेपेला सहा महिन्यांच्या वर राहिलात तर सलग वास्तव्य तुटल्याचं गृहीत धरतात, वर्ष झालं तर तुटलंच. वादळाच्या मोसमात दुरुस्तीला अडकलेली बोट इथे फार महागात पडते. आणि ग्रीनकार्डवाल्यानं मतदार नोंदणी चुकूनही करू नये. लायसन्सच्या खिडकीवर तो प्रश्न ओघात विचारतात.

हिशेबनीस
परदेशस्थ यांना सहमत. आता पैशाच्या दोन गोष्टी, कारण त्यातच लोक चुकतात.

पहिली, मालक (नोकरी देणारी कंपनी) न्यूयॉर्कचा असेल तर फ्लोरिडा तुम्हाला वाचवत नाही. स्वतःच्या सोयीनं बाहेरून केलेलं काम न्यूयॉर्क आपल्याच राज्यातलं धरतं, तुम्ही आयटी-२०३ (न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न) भरून त्या पगारावर कर देता. न्यूजर्सीनं २०२३ मध्ये असाच नियम केला, पण तो तसाच नियम असलेल्या राज्यांच्या रहिवाशांपुरता. फ्लोरिडात तसा नियम नाही. म्हणून मालक न्यूजर्सीचा आणि अधिवास खरोखर फ्लोरिडाचा असेल, तर प्रत्यक्ष न्यूजर्सीत बसून केलेल्या दिवसांपुरताच कर. गलबत यांच्या बेतात फायदा आहे तो याच जोडीला.

दुसरी, घरविक्री. लोक ज्याला न्यूजर्सीचा एक्झिट टॅक्स म्हणून घाबरतात तो वेगळा कर नाही, आगाऊ भरणा आहे. अनिवासी म्हणून विकलंत तर नफ्याच्या १०.७५ टक्के किंवा विक्रीकिमतीच्या २ टक्के, जे जास्त असेल ते व्यवहाराच्या टेबलावरच ठेवावं लागतं, आणि परतावा रिटर्न भरल्यावर. निवासी असतानाच विकलंत तर जीआयटी/आरईपी-३ या विक्रेत्याच्या फॉर्मवर सही करून सुटता. स्वतः राहत असलेलं मुख्य घर असेल तर त्याच फॉर्मवर वेगळी चौकट आहे. दोन वर्षं आधी बोटीवर जाऊन घर गुंतवणूक म्हणून भाड्यानं ठेवणाऱ्यांची मात्र अडचण होते. तेव्हा आधी घर विका, मग राज्य बदला.

नोंदवही
बँकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. खातं उघडताना नियमानुसार राहण्याचा किंवा व्यवसायाचा पत्ता द्यावा लागतो. टपालसेवेचा पत्ता बँकेची प्रणाली बहुधा ओळखते, कारण त्यात पीएमबी (खासगी टपालपेटी) किंवा # लिहिणं पोस्टाच्या नियमानं बंधनकारक आहे. ज्याला स्वतःचा पत्ताच नाही, त्यानं जवळच्या नातेवाइकाचा किंवा संपर्कातल्या व्यक्तीचा राहता पत्ता द्यावा, ही सोय त्याच नियमात लिहिलेली आहे. शाखेतल्या माणसाला ती माहीत नसते. शांतपणे वरिष्ठाकडे न्या.

आणि रोजनिशी ठेवा. तारीख, बंदर, राज्य. सोबत इंधनाची पावती, मूरिंगची पावती, बहामाचा क्रूझिंग परवाना. फोनमधल्या प्लॉटरवरचा (सागरी नकाशावरचा) मार्ग दर महिन्याला उतरवून घ्या. विमा कंपनी १ जून ते ३० नोव्हेंबर बोट ठरावीक अक्षांशाच्या उत्तरेला ठेवायला सांगते. त्या पॉलिसीची प्रतही फाइलला लावा. उन्हाळाभर फ्लोरिडात का नव्हता, याचं उत्तर त्या एका पानात आहे.

गलबत
हे शेवटचं कामाचं. एक उरलं: बोटीच्या मागे "एडिसन, एनजे" असं हेलिंग पोर्ट (बोटीचं म्हणून लिहायचं गाव) रंगवलेलं असेल तर?

खारेवारे
कोस्ट गार्डची नोंदणी असेल तर हेलिंग पोर्ट अमेरिकेतलं कुठलंही गाव चालतं, अधिवासाशी त्याचा कायदेशीर संबंध नाही. (ही नोंदणी नागरिकांनाच, किमान ५ नेट टन, नूतनीकरण वर्षाला २६ डॉलर. फ्लोरिडाची राज्य नोंदणी तिच्यावर वेगळी.) पण तपासणीत बोटीचा फोटो पुढे येतो, आणि चार इंची अक्षरांत जुनं गाव लिहिलेलं असेल तर इरादा समजावून सांगायला तुम्हाला एक जास्तीचं वाक्य लागतं. आधी कोस्ट गार्डकडे बदलाचा अर्ज, नवा दाखला हातात आला की मगच अक्षरं काढा. उलट केलंत तर मधले आठवडे बोटीवर एक गाव आणि दाखल्यावर दुसरं.