मदत हवी आहे : टो क्लिप आणि पट्ट्याच्या पॅडलसाठी बूट कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

अजूनही टो क्लिप (पॅडलला पुढून बसवलेली, बुटाचं टोक धरणारी चौकट) वापरणारं कुणी इथे असेल तर सल्ला हवा आहे.

माझी सायकल स्टीलच्या फ्रेमची, लांब पल्ल्याची. पॅडल एमकेएसचे सिल्व्हन टूरिंग, त्यावर स्टीलच्या क्लिप आणि चामडी पट्टे. रोज साताऱ्यात घर ते ऑफिस, आणि सुट्टीला यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला किंवा मेढ्याकडे. येत्या हिवाळ्यात पुण्यातून निघणारी २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करायची मनापासून इच्छा आहे. तिला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ आत्ताच्या बुटांत पाय टिकणार नाहीत.

आत्ता पळण्याचे बूट घालते. त्यांचा पुढचा भाग फुगीर, तो आत सरकवताना क्लिपच्या तारेला अडतो. खरा त्रास बाहेर काढताना. टो क्लिपमधून पाय बाजूला वळवून सुटत नाही, सरळ मागे ओढावा लागतो. तेव्हा सोलच्या खोल खाचा पॅडलच्या मागच्या कडेत रुततात आणि पाय तिथेच राहतो. पोवई नाक्याच्या गर्दीत तो एक क्षण फार मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट बधिरपणाची. सोल मऊ असल्यामुळे पॅडलच्या दोन्ही कडा चवड्याला टोचत राहतात. तास-दीड तासानंतर करंगळीच्या बाजूने मुंग्या यायला लागतात. पट्टा ढिला केला की कमी होतं, पूर्ण जात नाही.

तिसरी अडचण मापाची. माझा पाय यूके ४, आणि चवडा रुंद. क्लिप मिळाल्या त्या मध्यम मापाच्या. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो, तो साधारण पॅडलच्या ॲक्सलवर (मधल्या दांड्यावर) यायला हवा. पण बुटाचं टोक क्लिपला टेकेपर्यंत पाय आत गेला की माझा सांधा ॲक्सलच्या पुढे निघून जातो आणि जोर तळपायाच्या पोकळ भागावर येतो. पळण्याच्या बुटाला पुढे जाड रबर आहे म्हणून हे थोडंफार निभावतं. पातळ बूट घेतला तर पाय आणखी आत जाईल.

काय काय पाहून झालं तेही सांगते, म्हणजे तेच पुन्हा सुचवलं जाणार नाही. कॅनव्हासचे साधे बूट क्लिपमध्ये छान सरकतात आणि सुटतातही, पण चढावर जोर लावला की पॅडलवर अक्षरशः दुमडतात. डोंगरी सायकलिंगचे क्लीटवाले (तळाला पॅडलमध्ये अडकणारा तुकडा बसवतात तसले) बूट क्लीट न लावता घालून पाहिले. सोल हवा तसा कडक, पण खाली चिखलासाठी दिलेले मोठे दात, आणि सोल दोन्ही बाजूंनी वरच्या भागाच्या बाहेर आलेला, त्यामुळे क्लिपमध्ये शिरतानाच घासतो. रोड रेसिंगचे बूट घालून ऑफिसचे जिने चढता येणार नाहीत. यांत सगळ्यात बरा निघाला तो ऑफिसचा लेदरचा बूट! निमुळतं टोक, सपाट कडक सोल, पाय अलगद आत आणि अलगद बाहेर. पण ओल्या फरशीवर तो घसरतो, वर क्लिपने टोकाचं कातडं खरवडून निघतं, आणि दिवसभराच्या प्रवासाला त्यात पायाला हवा लागत नाही.

"क्लीट लावून मोकळ्या व्हा" असं कृपया सांगू नका. क्लीट वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. १९८४ मध्ये लुक कंपनीने स्कीवर बूट अडकवतात त्या पकडीवरून क्लीटचं पॅडल आणलं, पुढच्याच वर्षी बर्नार्ड हिनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली आणि बघता बघता शर्यतीतून पट्टे गेले, हे सगळं माहीत आहे. शर्यत लावणाऱ्यांसाठी ते योग्यच. पण एडी मर्क्सने १९६९ ते १९७४ या काळात पाच टूर जिंकल्या त्या क्लिप-पट्ट्यावरच, आणि जपानच्या केरिन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतीत आजही पट्टेच आवळतात. मला ज्या बुटाने सायकल चालवायची त्याच बुटाने मंडईत जायचं आहे, घाटात चहाला उतरायचं आहे, गरज पडली तर सायकल ढकलत चालायचं आहे. शिवाय पाय हवा तसा किंचित तिरका ठेवता येतो, आणि माझ्या गुडघ्याला ते मानवतं.

वाईट याचं वाटतं की असे बूट पूर्वी मिळायचे. सत्तरच्या दशकात परदेशातल्या टूरिंगवाल्यांत चक्क बाटाचे 'बाइकर' नावाचे बूट लोकप्रिय होते. दिसायला साधे, चालायला सोयीचे, सोल मात्र कडक. आता दुकानात विचारलं की एक तर पळण्याचे दाखवतात नाहीतर क्लीटचे. मधलं काही नाहीच.

तर असा बूट भारतात आज कोणता मिळेल? बायकांच्या किंवा मुलांच्या मापात? आणि क्लिप मोठी पडते त्यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

ताई, फुटसालचे बूट पाहा. बंदिस्त मैदानात फुटबॉल खेळतात त्यांचे, खाली स्टड नसलेले. आदिदासचा सांबा हा त्याच जातीचा, आणि क्लिपवाले तो कित्येक वर्षं वापरत आलेत. गम रबरचा पातळ सोल, नक्षी अगदी उथळ, नाक बसकं, आणि पुढे सुएडचा जास्तीचा थर, त्यामुळे क्लिपचं घासणं तोच सोसतो. निव्हियाचे फुटसाल बूट त्यापेक्षा स्वस्तात मिळतात. डेकॅथलॉनमध्ये लहान मुलांच्या विभागात यूके ४ सहज सापडेल. बॅडमिंटनचेही चालतात, पण त्यांत बरेच बूट बाजूंनी फुगवलेले असतात, तेवढं बघून घ्या.

दुकानात जाताना एक पॅडल क्लिपसकट काढून पिशवीत घेऊन जा. १५ चा पाना लागतो, आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. प्रत्येक बूट त्या पॅडलमध्ये घालून, मागे ओढून बघा. दुकानदार बघत राहील, बघू दे. बूट पायात घालून आरशासमोर उभं राहण्यापेक्षा याने जास्त कळतं.

प्रतिसाद २

बूट बदलाच, पण बधिरपणासाठी पॅडलचाही विचार करा. सिल्व्हनच्या कडा बारीक आहेत, सगळा भार दोन रेघांवर येतो. एमकेएसचं जीआर-९ एका बाजूने सपाट आणि रुंद आहे, त्याला क्लिपही लागते. ते शक्य नसेल तर बुटाच्या आतलं मऊ इनसोल काढून कडक घाला. पायाचे दवाखाने असतात तिथे कार्बनची किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी मिळते, ती इनसोलखाली सरकवली की साधा फुटसालचा बूटही बराच ताठ होतो. मी तेच करतो.

करंगळीच्या बाजूने मुंग्या म्हणजे बहुतेक रुंदी कमी पडते आहे. यूके ४ रुंद मिळत नसेल तर साडेचार घ्या. लेस पुढच्या दोन भोकांत ढिली ठेवा, वर आवळा. लांब अंतरावर पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी जाऊन घ्यावा.

प्रतिसाद ३

तुमचा पट्टा पॅडलमध्ये कसा ओवलाय ते आधी सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मी तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत उतरलेला माणूस. बोर घाटात घाटाचा राजा कोण होणार यावर आमच्यात दिवसेंदिवस चर्चा चालायची. तेव्हा पायात कातडी सोलचे बूट आणि तळाला खाच असलेली पट्टी ठोकलेली. ती पॅडलच्या कडेवर बसली की पट्टा सैल केल्याशिवाय पाय सुटायचा नाही. तुम्हाला त्याची मुळीच गरज नाही, त्या वाटेला जाऊ नका.

पट्टा बाहेरच्या बाजूने आत घ्यायचा आणि पॅडलच्या मधोमध, पिंजऱ्याखाली (पाय टेकतो त्या धातूच्या चौकटीखाली), त्याला एक पीळ द्यायचा. त्या पिळामुळे तो ओढला तरी सरकत नाही. मग आतल्या बाजूने वर आणून क्लिपच्या डोळ्यातून काढायचा. बक्कल बाहेरच्या अंगाला, पॅडलच्या कडेच्या जरा वर आलं पाहिजे, म्हणजे हात खाली नेऊन अंगठ्याने ढकललं की सुटतं. बक्कल पावलाच्या वर आलं तर बूट कितीही चांगला असो, ते शिरेवर बसणार आणि बधिरपणा येणार. तुमच्या मुंग्यांचं कारण हेच असेल असं मला वाटतं.

गावात पट्टा इतका सैल हवा की नुसतं मागे ओढलं की पाय बाहेर. आवळायचा फक्त मोकळ्या रस्त्यावर, आणि चौक येण्याआधी सैल करायचा. ही सवय अंगात भिनली पाहिजे.

क्लिप मोठी पडते त्याला जुना उपाय आहे. जाड कातड्याचा तुकडा क्लिपच्या टोकाच्या आतून बसवायचा आणि मेणाच्या दोऱ्याने शिवून टाकायचा. बूट दुरुस्त करणारा कुणीही करून देईल. तुकडे एकावर एक ठेवून जाडी ठरवा. आधी चिकटपट्टीने लावून घाटात फिरून या, सांधा ॲक्सलवर येतोय का बघा, मगच शिवा. बुटाचं टोक आणि कातडं यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा राहू द्या, नाहीतर उतारावर नखं दुखतील.

आणि एक. लहान फ्रेमवर हँडल वळवताना क्लिप पुढच्या चाकाला लागते का, ते उभ्याने तपासून घ्या.

प्रतिसाद ४

क्लीट सुचवू नका म्हणालात म्हणून सुचवत नाही, पण आदिदासचाच वेलोसांबा नावाचा बूट आहे, २०२१ मध्ये आला. सोलमध्ये एसपीडी जातीचं क्लीट बसवायची जागा आहे, क्लीट लावलं नाही तर ती झाकलेली राहते. साध्या सांबापेक्षा सोल ताठ. महाग आहे, आणि तुमच्या मापात मिळणं नशिबावर, तरी नजर ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला, बक्कल पावलाच्या वरच येत होतं आणि पट्ट्याला पीळही नव्हता. दोन्ही बदललं. करंगळीच्या मुंग्या पळण्याच्या बुटांतही निम्म्यावर आल्या आहेत.

पॅडल पिशवीत घालून दुकानात गेले. मुलांच्या विभागातला फुटसालचा बूट, यूके साडेचार, चवड्याला मोकळा, मागे ओढला की कुठेही न अडकता सुटला. तोच घेतला. सोल माझ्या मनाएवढा कडक नाही, म्हणून आत पट्टी घालून बघणार आहे. कातड्याचे तुकडे सध्या चिकटपट्टीने लावलेत, तीन थरांवर सांधा बरोबर येतोय. यवतेश्वरला जाऊन आले की शिवून घेईन. जीआर-९ चा विचार ब्रेव्हेनंतर.

आता फक्त पावसाचं विचारायचं राहिलं. कासच्या रस्त्यावर जून ते सप्टेंबर पट्टे सुकतच नाहीत. चामडं ताणलं जातं, बक्कल धरत नाही, आणि मागच्या पावसाळ्यात बुरशीही आली. बूट सुएडचे असल्यामुळे त्यांचीही काळजी वाटते.

प्रतिसाद ३

पावसाळ्याला नायलॉनचे पट्टे लावा. चामडी पट्टे काढून, सावलीत वाळवून, थोडं मेण चोळून कपाटात ठेवा, दसऱ्याला परत चढवा. नायलॉनचं टोक कापलंत तर मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर धागे सुटून बक्कलच्या दातांत अडकतात. बूट घरी आल्यावर इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, सोलचा डिंक सुटतो.