अंग चोरून बसणे : शहाणपण की कामचोरी?

गणपतीला गावी येताना विमानात ऐकलेल्या एका वाक्यामुळे हा धागा काढतोय.

मुंबई ते मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला विमानतळ. विमान गच्च भरलेलं. खिडकीला मी, मध्ये माझा भाचा आणि वाटेकडच्या सीटवर बांद्याच्या बाजूच्या एक आजी. भाचा बारावीतला, सहा फुटी, जन्म आणि वाढ पुण्यातली. कानात बोंडं खुपसून, खुर्चीच्या दोन्ही हातांवर कोपरं ठेवून साहेब निवांत. आजींनी जरा वेळ सोसलं, मग त्याच्या गुडघ्यावर थापटून म्हणाल्या, "बाळा, वायच अंग चोरून बस."

तो लगेच सरकला. पण सामानाच्या पट्ट्याजवळ मला विचारतो, "मामा, मी त्यांचं काय केलं? मला अंगचोर का म्हणाल्या?" त्याच्या पीटीच्या सरांचा हा आवडता शब्द आहे. मैदानाला फेऱ्या मारताना जो मागे रेंगाळेल तो अंगचोर.

मी म्हटलं, अरे, त्या शिव्या देत नव्हत्या. पण फरक काय ते मला धड सांगता आलं नाही. म्हणून इथे विचारतो. अंग चोरणे हा गुण की अवगुण? आणि दुसरं, ज्याला आपण सर्रास 'पर्सनल स्पेस' म्हणतो त्याला मराठीत रुळलेला शब्द आहे का? 'वैयक्तिक अवकाश' सुचवू नये. तो ऐकला की मला इस्रो आठवते.

गुहागरहून

तुमच्या भाच्याची शंका रास्त आहे. घोळ 'चोरणे'चा आहे. आपण चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलणे एवढंच धरतो. पण मराठीत स्वतःचीच वस्तू आखडून धरण्यालाही चोरणे म्हणतात. गाय दूध चोरते, म्हणजे वासरासाठी पान्हा राखून ठेवते. दूध तिचंच असतं. कुणी नजर चोरतो, तीही स्वतःचीच. अंग चोरणं याच कुळातलं.

आता जे आखडून धरलं त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क होता का, यावर गुण-अवगुण ठरतो. भाताची लावणी चालू आहे, चिखलात दहा जण वाकलेत, तिथे तुमच्या अंगावर कामाचा हक्क आहे. ते चोरलंत तर अंगचोर. बाकावर तिघांच्या जागेत चौथा येऊन टेकला, तिथे तुमच्या शेजारच्या रिकाम्या चार बोटांवर त्याचा हक्क. तिथे अंग चोरलंत तर तुम्ही समजूतदार.

व्याकरणही याची साक्ष देतं. 'अंगचोर' हे नाम मी कधी कौतुकाने वापरलेलं ऐकलं नाही. 'अंग चोरून' मात्र पुढच्या क्रियापदाकडे बघून रंग बदलतं. अंग चोरून काम केलं, हे वाईट. अंग चोरून बसला, हे चांगलं. आजी 'बस' म्हणाल्या होत्या. पीटीचे सर 'पळ' म्हणत असणार.

देवगडहून

गुहागरकरांचं विवेचन सुरेख आहे, पण त्यात एक तिसरा रंग सुटला. आम्ही बायका अंग चोरतो ते नेहमी समजूतदारपणानेच चोरतो असं नाही. एसटीत उभं असताना, लोकलच्या फलाटावर, विमानात दोन अनोळखी पुरुषांच्या मध्ये, कोपरं आपोआप पोटाशी येतात. त्यात शिष्टाचार कमी आणि सावधपणा जास्त असतो. बघणारा म्हणतो, "कशी शहाण्यासारखी अंग चोरून बसलीय."

शब्दांचाच विषय आहे तर अजून एक गंमत बघा. पुरुष पाय फाकवून जागा व्यापून बसला की तो 'ऐसपैस' बसलेला असतो. ऐसपैस शब्दात कसं घर मोठं, मन मोठं. तशीच मुलगी बसली की आजी ओरडते, "फतकल मारून काय बसलीस!" जागा दोघांनी तेवढीच खाल्ली. त्याला विशेषण मिळालं आणि तिला ओरडा.

त्या आजींचं मला म्हणून कौतुक वाटतं. आयुष्यभर स्वतः अंग चोरलेल्या बाईने सहा फुटी पोराला ते करायला सांगितलं.

कणकवलीहून

मी मोजणी खात्यात होतो, त्यामुळे मला यात शेजारच्या कुणग्याचं, म्हणजे भातखाचराचं, भांडण दिसतं.

आधी माप. जुन्या हिशेबात बारा अंगुळं म्हणजे एक वीत आणि दोन विती म्हणजे एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. साधारण 18 इंच. विमानातल्या साध्या वर्गाची सीट 17 ते 18 इंच रुंद. म्हणजे माणशी जेमतेम एक हात. समोरच्या सीटपर्यंतचं अंतर, पाठीपासून पाठीपर्यंत, 28 ते 30 इंच, म्हणजे दीड हाताहून जरा जास्त. हा तुमचा सातबारा.

एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात माणसामाणसांतली अंतरं मोजली होती. त्याच्या हिशेबात 18 इंचांच्या आतला भाग हा अगदी जवळच्यांसाठी, आई-लेकरासाठी किंवा नवरा-बायकोसाठी. तिथून चार फुटांपर्यंत ओळखीपाळखीचे. त्यापलीकडे परके. आकडे अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांवरून काढलेले, ते त्यानेही कबूल केलं होतं. पण आपल्या म्हणी त्याच्याशी कशा जुळतात बघा. नको त्या माणसापासून आपण 'चार हात लांब' राहतो, म्हणजे सहा फूट. आणि विमानात पूर्ण परका माणूस तासभर आपल्या हातभर अंतराच्या आत बसलेला असतो. अवघडायला होणारच.

आता राहिला खुर्चीचा हात. (त्याला आर्मरेस्ट कशाला म्हणायचं? 'हाताची खुर्ची' आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओटीवर आहे.) दोन सीटींमधली ही तीन बोटांची पट्टी म्हणजे दोन कुणग्यांमधली मेर, म्हणजे बांध. मेरेवरून दोघांनी चालावं, पण नांगर कुणी घालू नये. भांडण कधी लागतं? एक जण दर पावसाळ्यात बोटभर बोटभर मेर कोरत जातो तेव्हा. कोपराचंही तसंच. आधी मनगट येतं, मग कोपर, आणि वेंगुर्ला खाली दिसायला लागेपर्यंत अख्खा दंड शेजाऱ्याच्या बरगडीला.

आणि कुणी म्हणालं की आधीपासून माझाच हात इथे होता, वहिवाट माझी, तर त्याला सांगा की इझमेंटच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरच्या वहिवाटीच्या, 1882च्या कायद्याप्रमाणे वहिवाट शाबीत करायला 20 वर्षं लागतात. मुंबई-मोपा सव्वा तासात आटोपतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : 'मेर राखणे'. तो कोपराने मेर राखत नाही, एवढं म्हटलं की कोकणातल्या माणसाला सगळं कळतं.

रत्नागिरीहून

मी भाच्याच्या बाजूने उभा राहतो, कारण कुणीच राहिलं नाही.

नोकरीमुळे महिन्यातून चारदा विमानाने फिरतो. ज्यांना विमानाची सवय आहे त्यांच्यातले बरेच जण एक संकेत मानतात. मधल्या सीटवाल्याला दोन्ही हात मिळतात. खिडकीवाल्याला टेकायला भिंत आहे आणि झडप उघडायची की लावायची हेही बऱ्याचदा तोच ठरवतो. वाटेकडच्याला बाहेरचा हात आहे, पाय जरा बाहेर काढता येतो, उठायला कुणाची परवानगी लागत नाही. मधल्याला यातलं काहीच नाही. हा नियम कुठल्या तिकिटावर छापलेला नसतो. म्हणून मेर ही उपमा मला सपशेल पटत नाही. मेर निम्मी-निम्मी असते. इथे दोन्ही मेरा मधल्याच्या.

तरीही आजी चुकल्या असं मी म्हणणार नाही. संकेताने त्याला हात ठेवायला जागा दिली, पट्टीच्या पलीकडे दंड लोंबवायला नाही.

चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावर, येणाऱ्या छोट्या पंख्याच्या विमानात, एटीआरमध्ये, हा प्रश्नच नव्हता. दोन-दोनच्या रांगा, मधली सीटच नाही. भांडायला एकच हात.

जाता जाता : सीट मागे टाकण्याला आमच्याकडे 'रेलणे' म्हणतात आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो. माणूस भिंतीला रेलतो, खांबाला रेलतो. विमानात तो मागच्याच्या गुडघ्यांना रेलतो. रेलण्याआधी एकदा मागे वळून बघावं, आणि मागचा जेवत असेल तर थांबावं. बाकी त्याचा हक्क आहेच, बटण त्यासाठीच दिलंय.

महाडहून

'पर्सनल स्पेस'ला मराठी शब्द का नाही, यावर लिहायचं की नाही असा विचार करत होतो.

अंगाअंगांतल्या अंतराचे शब्द मराठीत भरपूर होते. शिवू नकोस. लांब हो. सावली पडेल. ते अंतर प्रत्येक माणसाचं नव्हतं, जातीचं होतं. माझ्या घरापासून चालत गेलं की चवदार तळं लागतं. 20 मार्च 1927ला तिथे ओंजळभर पाणी पिण्यासाठी काय करावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे अनोळखी माणसाला "जरा लांब बसा" म्हणताना माझी जीभ अडते. ऐकणाऱ्यालाही ते लागतं, मग हेतू कितीही साधा असो.

"सरका" म्हणताना असं होत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. 'लांब हो' म्हणणारा समोरच्याला हटवतो. 'सरका' म्हणणारा त्याच्याकडे वाटा मागतो. सरकल्यावर दोघं त्याच बाकावर राहतात. आजींचं 'अंग चोरून बस' याच जातीचं आहे. (हा शब्द इथे मुद्दाम वापरला.)

अजून एक. विमानात खिडकीच्या सीटवरून उठून वाटेवर यायचं असतं तेव्हा मराठी माणूस हटकून इंग्रजीत 'एक्सक्यूज मी' म्हणतो. 'माफ करा' त्याच्या तोंडात येत नाही, कारण ते आपण दारावर आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवताना म्हणतो. 'कृपया' पाटीवर असतं. आपलं सगळं सौजन्य 'जरा' या दोन अक्षरांत आहे. जरा येऊ का? जरा वाट देता? जरा हात घेता? यात आर्जव आहे, आणि लाचारी नाही.

सावंतवाडीहून

एवढा कित्याक? आमच्याकडे 'वायच' आसा. आजीन तोच तर वापरल्यान.

पुन्हा देवगडहून

सावंतवाडीकर, शंभर टक्के. आणि ज्यांना 'वायच' माहीत नाही त्यांच्यासाठी : ते नुसतं 'थोडं' नाही. मागणारा आपली मागणीच लहान करून मागतो.

रत्नागिरीकरांना एक विचारायचंय. दोन्ही मेरा मधल्याच्या, हा संकेत मधल्या सीटवर बाई असली की कितीदा पाळलेला बघितलात?

रत्नागिरीहून

खरं सांगतो, कमी वेळा. पुढच्या खेपेपासून आधी स्वतःकडे बघतो.

धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. भाच्याला सगळी उत्तरं वाचून दाखवली. त्याला गाईचं दूध चोरणं सगळ्यात आवडलं, मोजणीवाल्या काकांचा सातबारा त्याने मित्रांना पाठवला, आणि महाडकरांचं वाचून बराच वेळ गप्प होता. रत्नागिरीकरांवर त्याचं प्रेम बसलंय, पण 'दंड लोंबवायला नाही' हे वाक्य मी त्याला दोनदा वाचायला लावलं.

माझ्यापुरता निकाल असा : शेजाऱ्यासाठी चोरलं तर गुण, कामातून चोरलं तर अवगुण आणि भीतीने चोरावं लागलं तर दोष चोरणाऱ्याचा नाही. दुसऱ्या प्रश्नाला 'मेर राखणे' मी उचलतोय. मुंबईत कुणाला कळेल का, ते बघू.

गौरीगणपती विसर्जन करून भाचा एकटाच रेल्वेने परत निघाला. विमानाचं तिकीट त्या दिवसात परवडणारं नव्हतं आणि आरक्षण केव्हाच संपलेलं, त्यामुळे जनरल डबा. चिपळूण गेल्यावर त्याचा फोन आला. मागे एवढा कल्ला की आधी काही ऐकूच येईना.

"मामा," तो ओरडून म्हणाला, "इथे चोरायला अंग शिल्लकच नाहीये!"