'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची कुठली डिस्क घ्यावी?

साखळीकर
नमस्कार मंडळी. सर्जिओ लिओनेच्या या वेस्टर्नची २०२१ साली अमेरिकेत निघालेली ४के डिस्क मागवायची म्हणतोय. चवथीला आमच्या मूळ घरी सगळे जमतात, आरत्या-भजन आटपलं की रात्री मोठ्या टीव्हीवर एक पिक्चर ठरलेला असतो. यंदा हाच लावायचा आहे.

अडचण अशी की माझ्या जुन्या डीव्हीडीवर पिक्चर १७९ मिनिटांचा आहे आणि या महागड्या डिस्कवर १६१ मिनिटांचा. जास्त पैसे मोजून अठरा मिनिटं कमी का घ्यावीत? मध्ये एक आवृत्ती पिवळी दिसते म्हणून लोक चिडले होते, ती हीच का? आणि अमेरिकेची डिस्क आपल्याकडे चालते का?

पर्वरीचा_प्लेअर
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. ४के डिस्कला रीजन कोड (डिस्क कुठल्या देशांत चालेल ते ठरवणारं कुलूप) नसतो, त्यामुळे ती कुठेही चालते. साध्या ब्लू-रेला मात्र असतो. भारत 'सी'त येतो, अमेरिका 'ए'मध्ये. म्हणून डब्यातली सोबतची ब्लू-रे कदाचित चालणार नाही. साध्या ब्लू-रे प्लेअरवर ४के डिस्क चालत नाही, पीएस४ प्रो या प्लेस्टेशनवरही नाही. डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ असेल तर काम झालं. कस्टम ड्युटी डिस्कची किंमत आणि पाठवणीचा खर्च मिळून लागते, तो हिशेब आधीच करून ठेव.

केबिनवाले_काका
बाळा, मडगांवच्या एका थिएटरात मी ऑपरेटर होतो, प्रोजेक्टरमध्ये उजेडासाठी कार्बन जाळून पिक्चर दाखवायच्या काळापासून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मिनिटांचं. १९६६ च्या डिसेंबरात हा पिक्चर इटलीत लागला तेव्हा तो बराच लांब होता. बाहेरच्या देशांसाठी कापून १६१ मिनिटांचा केला, आणि जगाने पाहिला तो हाच. १७९ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती २००३ सालची. कापलेल्या प्रसंगांचं इंग्रजी डबिंग कधी झालंच नव्हतं, म्हणून क्लिंट ईस्टवुड आणि इलाय वॉलक यांनी म्हातारपणी येऊन आपले संवाद म्हटले. ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेला होता, त्याला दुसऱ्याचा आवाज दिला. ईस्टवुडचा चेहरा तिशीतला आणि आवाज सत्तरीतला, हे मला तरी ऐकवत नाही. त्यातच टुको (वॉलकचं पात्र) गुहेत साथीदार गोळा करतो तो प्रसंग आहे. तो तर लिओनेने स्वतःच काढून टाकला होता! दिग्दर्शकाने काढलेलं आपण परत का घालावं?

पिवळेपणा २०१४ च्या ४के पुनरुज्जीवनातला. पुढच्या २०१७ च्या ब्लू-रेत तो बराचसा काढला. तू म्हणतोस ती डिस्क त्याच्याही नंतरची, तेव्हा ती भीती सोड.

आता दाण्याचं, म्हणजे फिल्मवर दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांचं, कारण हा प्रश्न तू विचारला नाहीस आणि घरचे पहिल्या पाच मिनिटांत विचारतील. पिक्चर टेक्निस्कोपमध्ये घेतलेला आहे. एरवी ३५ मिमी फिल्मवर एका फ्रेमला कडेच्या चार छिद्रांची उंची मिळते, टेक्निस्कोपमध्ये दोनच. फिल्म निम्मी लागते, खर्च वाचतो. आमच्याकडे केबिनमध्ये येणाऱ्या प्रिंट नेहमीच्या चार छिद्रांच्याच असत, चित्र रुंद करणारी स्कोप लेन्स लावून चालवायच्या. पण मूळ चित्र इवलंसं, ते एवढं मोठं केल्यावर दाणा दिसणारच. लिओने घामेजलेले डोळे पडदाभर दाखवतो, तिथे तर तो वाळूसारखा तरंगतो. तो दोष नव्हे, तीच फिल्म आहे. दाणा पुसलेली प्रत घेशील तर चेहरे मेणाचे होतील.

आणि ओठ जुळत नाहीत म्हणून डिस्कला नावं ठेवू नका. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलत होता, आवाज सगळा मागाहून भरलेला.

डिचोलीची_शुभदा
काका, लिओनेने काढलेल्या प्रसंगाचं पटलं. पण लांब आवृत्तीत एंजल आइज (ली व्हॅन क्लीफचं पात्र) उद्ध्वस्त किल्ल्यात जखमी सैनिकांमधून फिरतो तो भाग सोडवत नाही. सोन्याचा ठावठिकाणा माहीत असलेल्या बिल कार्सनला शोधत तो कैद्यांच्या छावणीकडे का वळला, ते तिथेच उलगडतं. छोट्या आवृत्तीत तो एकदम सार्जंटच्या वर्दीत उभा दिसतो. साखळीकर, डीव्हीडी मोडीत काढू नका, दोन्ही ठेवा. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हराला बुरशी आधी धरते, डिस्कला नव्हे. मी कव्हरं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते, आणि पुड्या बदलत राहते.

साखळीकर
ऑर्डर केली! शुभदाताई, डीव्हीडी राहील. काका, टीव्हीत काही बदलायचं का?

केबिनवाले_काका
शुभदा, किल्ल्याचा तो प्रसंग उत्तम आहे, तेवढ्यासाठी लांब आवृत्ती एकदा बघावी हे खरं.

साखळीकर, नॉइज रिडक्शन बंद कर, मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः भरून हालचाल गुळगुळीत करतो ते) तर नक्कीच. शेवटी टुको थडग्यांमधून धावतो, कॅमेरा त्याच्याबरोबर गरगर फिरतो आणि मोरिकोनेचं संगीत चढत जातं. मोशन स्मूदिंग असेल तर ते दृश्य मालिकेसारखं गुळगुळीत होतं. ते स्मशान स्पेनमध्ये बुर्गोसजवळ सैनिकांकडून पिक्चरसाठी बांधून घेतलं होतं. पुढे मातीखाली गेलं, आणि २०१५ पासून चाहत्यांनी खणून परत उभं केलं. आवाजाच्या मेन्यूत मोनो (मूळचा एकाच चॅनलचा आवाज) मिळाला तर तोच लाव. २००३ च्या ५.१ (सराउंड) आवाजामध्ये बंदुकांचे आवाज नवीन घातले आहेत, मूळचे नव्हेत.