मदत हवी आहे: पोर्शे की जुनी मर्सिडीज? लवकर सांगा

वैतागलेला_परळकर: दोन गाड्यांत अडकलोय. पोर्शे ७१८ केमन आणि जुनी मर्सिडीज डब्ल्यू १२३. पैसे दोन्हीकडे साधारण सारखेच सांगतायत. कुठली घेऊ, एवढंच सांगा. उद्या टोकन द्यायचंय, उगाच काथ्याकूट नको.

गॅरेजकाका: पैसे सारखे? कसे काय बुवा? मर्सिडीज कुठल्या सालची? पेट्रोल की डिझेल? पेट्रोल असेल तर हल्लीच्या इथेनॉलवाल्या तेलाने जुने रबरी पाइप, सील खराब होतात. ते आधी बघा.

सीलिंक_सम्राट: डोळे झाकून पोर्शे! इंजिन सीटच्या मागे, ३०० अश्वशक्ती, पाचेक सेकंदांत शंभर. पहाटे कोस्टल रोडला काढा, मग बोला.

गॅरेजकाका: कोस्टल रोडला ८० ची मर्यादा आहे. त्या ३०० घोड्यांचं काय लोणचं घालायचं?

सीलिंक_सम्राट: तुमच्या मर्सिडीजला शंभर गाठेपर्यंत चहा पिऊन होतो, काका.

गॅरेजकाका: होऊ दे. सांडत तर नाही!

मुलुंडकरीण: कर्ज काढणार का? आम्हाला सेकंडहँडला व्याज जास्त पडलं. पार्किंगचं काय?

वैतागलेला_परळकर: कर्ज कसलं? एका दिवसाचं भाडं आहे हो! बहिणीची पाठवणी, परळ ते ठाणे.

मुलुंडकरीण: धाग्यात ‘भाडं’ हा शब्द दाखवा. बसणार किती जण?

वैतागलेला_परळकर: नवरा, नवरी, पाठराखीण. ड्रायव्हर धरून चार, उघड आहे.

गॅरेजकाका: अहो, केमन दोन सीटची! डिक्या मात्र दोन आहेत, एक पुढे, एक मागे. कोणाला कुठे घालताय?

सीलिंक_सम्राट: नवऱ्याने स्वतः चालवावी. पाठराखीण येईल लोकलने.

नियमावली: नंबरप्लेट पांढरी आहे का? खासगी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही. काही झालं तर विमावाले हात वर करतील.

वैतागलेला_परळकर: प्लेट बघितली नाही. मर्सिडीज डिझेल आहे, १९८४ ची.

गॅरेजकाका: हे आधी सांगायचं ना! ३०० डी मॉडेल असेल तर पाच सिलिंडरचं दणकट इंजिन. पण ते व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा ओढून बंद होतं. वयाने नळी तडकली असेल तर किल्ली काढली तरी धडधडत राहतं. संध्याकाळी जाऊन चालू-बंद करून बघा. एसीही अर्धा तास चालवा, पोर शालूत बसणार आहे.

वैतागलेला_परळकर: बघून आलो. प्लेट पिवळी. किल्ली फिरवली की लगेच बंद. एसी मात्र नाहीच म्हणतायत. काचा खाली ठेवल्या तर अंबाडा टिकेल का?

मुलुंडकरीण: लग्न कुठल्या महिन्यात आहे?