फार्मासिस्ट दुपारी नसताना चिठ्ठीवरची गोळी मी द्यायची का?

काउंटरवरची, डिचोली:

बारावी सायन्स करून तीन वर्षं डिचोली तालुक्यातल्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर आहे. डीफार्म, म्हणजे फार्मासिस्टचा डिप्लोमा, केलेलं नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, मालक मनाने वाईट नाहीत आणि मला तिथेच काम करायचं आहे. फार्मासिस्ट बाईंचं सर्टिफिकेट काउंटरमागे फ्रेममध्ये लावलेलं आहे. बाई एकला जेवायला जातात त्या साडेचारला येतात. मधल्या वेळात मी आणि डिलिव्हरीचा मुलगा.

गेल्या मंगळवारी अडीचला एक आजी आल्या. कदंबा बसच्या पासाच्या प्लास्टिक पाकिटातून त्यांनी चिठ्ठी काढली. घड्यांवर इतकी विरलेली, की मधली ओळ उजेडात धरून वाचावी लागली. अल्प्राझोलाम ०.२५, म्हणजे मन शांत करून झोप आणणारी गोळी, रात्री एक, पंधरा दिवस. तारीख चवथीच्या आधीची, म्हणजे पाच महिने होऊन गेले. पाठपोट कुठे एकाही दुकानाचा शिक्का नाही. पंधरा दिवसांच्या त्या कागदावर आजवर किती वेळा गोळ्या नेल्या, कुठून नेल्या, कळायला मार्गच नाही. "बाय, तीन राती न्हीद पडना गे," म्हणाल्या. काउंटरच्या काचेवर ठेवलेला हात थरथरत होता.

मालकांना फोन केला. "दे दहा, ओळखीच्या आहेत, रजिस्टरमध्ये मागाहून लिहू," म्हणाले. मी दिल्या नाहीत. आजींना म्हटलं, फार्मासिस्ट आल्यावर या. त्या काही न बोलता बसस्टँडकडे गेल्या, साडेचारनंतरही परत आल्या नाहीत. तेव्हापासून तो हात डोळ्यांसमोरून जात नाही.

खरं सांगायचं तर याआधी सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स मी दुपारी कितीदा तरी दिलीत. चिठ्ठीवरचा ब्रँड नसला की त्याच कंटेंटचा दुसरा काढून दिलाय. मग त्या दिवशीच का अडले? मी चुकले का? आणि आधीचं जे केलं, त्याला जबाबदार कोण?

निवृत्त फार्मासिस्ट, फोंडा:

बाय, पणजीच्या फार्मसी कॉलेजातून बाहेर पडल्यावर चौतीस वर्षं काउंटरवर काढली, म्हणून लिहितो.

कायद्यापुरतं तू बरोबर केलंस. फार्मसी ॲक्ट १९४८, कलम ४२: डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी द्यायचं नाही. दिलं तर औषध देणाऱ्याला शिक्षा, म्हणजे तुलाही. ड्रग्ज रूल्स १९४५ मधला नियम ६५ तर औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्या म्हणतो. फ्रेममधलं सर्टिफिकेट देखरेख करत नाही आणि मालकांचा फोनही करत नाही. लायसन्सच्या अटी मोडल्याचा जाब मालकांना द्यावा लागेल, पण "मालकांनी सांगितलं" एवढ्यावर तू सुटत नाहीस.

चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची नियमातली यादी म्हणजे शेड्यूल एच, आणि त्याहून कडक ती एच१. तू नावं घेतलीस ती तिन्ही औषधं शेड्यूल एच१ मधली आहेत, पाकिटावर लाल चौकट असते ती. १ मार्च २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर लागतं: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. देतानाच लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. मागाहून आठवून भरलेलं पान बांबोळीहून आलेल्या ड्रग इन्स्पेक्टरला लगेच ओळखू येतं, सगळ्या ओळी एकाच पेनाच्या असतात. ब्रँड बदलण्याचंही तेच. शेड्यूल एच किंवा एच१ च्या चिठ्ठीवर, कंटेंट तोच असला तरी, एकाच्या जागी दुसरं द्यायला नियमात मनाई आहे. डॉक्टरला विचारून चिठ्ठी बदलून घ्यायची.

आता शिक्क्याचं. तुझ्या पोस्टमधली ही एक ओळ मला सगळ्यात जास्त लागली. चिठ्ठीवर डॉक्टरने "पुन्हा द्यावे" लिहिलेलं नसेल, तर ती एकदाच चालते. दिल्यावर डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख टाकायची, हे त्याच नियम ६५ मध्ये आहे. किती दुकानं करतात? प्रत्येकाने केलं असतं तर आजींच्या चिठ्ठीने तुला सगळं सांगितलं असतं. पहिल्याच दुकानाने शिक्का मारला असता, तर दुसऱ्याने त्यांना तेव्हाच डॉक्टरकडे वळवलं असतं. पाच महिने गोळी लागत गेली आणि कोणी विचारलं नाही.

एक कडू वाटेल, तरी सांगतो. ही गोळी महिनोन्‌महिने घेऊन एकदम तुटली की झोप जाते, हात कापतात, कधी कधी फीटही येते. तो थरथरणारा हात कदाचित त्याचाच असेल. म्हणून नुसतं "नंतर या" पुरलं नाही. चिठ्ठीवर डॉक्टरचा नंबर असतो, तो लावायचा. नाही लागला तर आजींना रिक्षात बसवून सरकारी दवाखान्यात पाठवायचं, सोबत डिलिव्हरीच्या मुलाला द्यायचं. आजी कोणाच्या आहेत याची चौकशी कर. डिचोलीत सापडतील.

दुकानदार, पेडणे:

काकांचं सगळं मान्य. तरी मालकांची अडचणही खोटी नाही. सकाळी साडेआठ ते रात्री साडेआठ दुकान चालवायचं तर दोन फार्मासिस्ट लागतात आणि गावातल्या विक्रीत दोन पगार निघत नाहीत. मीही बरीच वर्षं दुपारी काउंटर पोरांवर सोडला. मग एकदा पोराने ५ मिलिग्रॅमच्या जागी ५० ची स्ट्रिप दिली. गिऱ्हाईक घरी जाऊन परत आलं म्हणून निभावलं, नाहीतर मी आज हे लिहायला बसलो नसतो. त्या दिवसापासून दुपारी एक ते चार शटर खाली. गोव्यात सगळा बाजारच दुपारी बंद असतो, त्यामुळे गिऱ्हाईक तुटलं नाही. तुझ्या मालकांना एवढं सांगून बघ.

निवृत्त फार्मासिस्ट, फोंडा:

शटर हा चांगला उपाय आहे. पोरांना आणखी एक शिकवा: स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्सपायरी छापलेला भाग शेवटपर्यंत राखायचा. तो आधी गेला तर उरलेल्या गोळ्या अनोळखी होतात.

काउंटरवरची, डिचोली:

काका, आजी सापडल्या. मासळी बाजाराच्या मागे राहतात, सुनेशी बोलणं झालं. सून शुक्रवारी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळी एकदम बंद केली नाही, अर्धी करून दिली आणि "आणखी एकदा द्यावे" असं चिठ्ठीवर लिहून सही केली. आमच्या बाई त्या वेळी काउंटरवर होत्या. त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर भरलं आणि सहीच्या वर शिक्का मारला. शिक्का मी आदल्याच दिवशी करवून आणला होता, तारीख फिरवायची चकती असलेला. दोनशे रुपये मालकांनी काही न बोलता दिले. दुपारच्या शटरचं मात्र अजून "बघू" चाललंय. तोवर एक ते साडेचार चिठ्ठीवरचं काही द्यायचं नाही, असं मी त्यांना सांगितलंय.

डीफार्मचा फॉर्मही आणलाय. दोन वर्षं आणि वर पाचशे तासांचं ट्रेनिंग, घरी अजून बोलायचंय.

आजींनी नवी चिठ्ठी त्याच पासाच्या पाकिटात घातली. जुनी मी मागून घेतली.