लस ठेवली, पण पुढचं काय?

वर एकांनी लिहिलंय की प्रत्येक पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सर्पदंशाची लस, म्हणजे चावल्यावर द्यायचं विषावरचं औषध, ठेवली की प्रश्न मिटला. पटतंय, पण थोडी भर घालतो. आमच्या खानापूर तालुक्यात रानाकडच्या भागात लस असूनपण पेशंटला तसंच बेळगावला पाठवतात, कारण लसीची रिअॅक्शन आली तर काय करायचं ही भीती. आता कणकुंबीकडनं ऐन पावसात बेळगाव गाठायचं म्हणजे केवढा वेळ जातो बघा की! अॅड्रेनलिन हे रिअॅक्शनवरचं स्वस्तातलं इंजेक्शन, ते भरून तयार ठेवायचं आणि लसीचा पहिला डोस, साधारण 10 व्हायल (छोट्या बाटल्या), तिथंच सुरू करून मग पुढं पाठवायचं.

दुसरं म्हणजे 20 मिनिटांची टेस्ट. घोणस, फुरसं चावलं की रक्त गोठत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची, रक्त वाहिलं तर लस लगेच. लाइट नको, मशीन नको. नळी मात्र काचेचीच पायजे, प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तपण नीट गोठत नाही. नाग-मण्यार यात कळत नाहीत, तिथं पापण्या जड पडतात का, श्वास कसा चाललाय ते बघायचं.

पावडरची लस घेतली तर फ्रीजवाचून अडत नाही. आणि 2024 मध्ये कर्नाटकानं सर्पदंशाची प्रत्येक केस कळवणं सक्तीचं केलंय, त्या आकड्यांवर तालुक्याला व्हायल मागता येतात. ग्रामसभेत हे विचारा हो कुणीतरी, लावणीच्या आधी.